शिक्केकाकांचा ‘नो’

शिक्केकाकांनी आयुष्यात एखाद्या गोष्टीला न वाचता ‘हो’ म्हटलं असेल तर ते फक्त चहाला, आणि तिथेही साखर कोणी घातली एवढं ते विचारून घेत. बाकी समोर कागद आला की शर्टाच्या खिशातून चष्मा निघायचा, रुमालानं पुसला जायचा, नाकावर बसायचा आणि मग जगाची सगळी घाई दाराबाहेर थांबायची. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचन. मागची बाजू कोरी असली तरी उलटून बघणार. काकू म्हणायच्या, हे औषधाच्या पाकिटावरचं सगळं वाचून होईपर्यंत माझं डोकं दुखायचं आपोआप थांबतं.

दुबईतल्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत ते शिपिंगची कागदपत्रं बघायचे. कुठल्या मालाला कुठलं सर्टिफिकेट लागतं, त्यावर आधी कोणाचा शिक्का आणि नंतर कोणाचा, हे सगळं त्यांना पाठ. आपल्याकडची मंडळी दुबईत उतरली की डिग्री आणि लग्नाचा दाखला घेऊन आधी त्यांच्याकडे यायची, कारण तिथे नुसत्या कागदाला कोणी विचारत नाही. त्यावर विद्यापीठाचा शिक्का, मग मंत्रालयाचा, मग वकिलातीचा, मग इथल्या मंत्रालयाचा, असं सगळं साग्रसंगीत झालं की मग तुम्ही पदवीधर आणि विवाहित. माझ्या लग्नाच्या दाखल्याची पाठ शिक्क्यांनी इतकी भरली होती, की सासूबाईंना वाटलं आमचं काहीतरी कायदेशीर भानगडीचं लग्न आहे. तर असे ते शिक्केकाका. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ते स्वतःही फोनवर तसंच सांगत.

मी त्याच कंपनीत ‘सिस्टम्स’ला होते. ऐकायला भारदस्त वाटतं. पुण्यातला वर्षभराचा कोर्स आणि बंद करून परत चालू करण्याची हातोटी, एवढ्या भांडवलावर मी तिथली एकुलती एक कॉम्प्युटर-तज्ज्ञ होते. राहायला काका आणि मी दोघंही शेजारच्या शारजाला, एकाच गल्लीत, म्हणून रोज त्यांच्या जुन्या गाडीतून जायचे-यायचे. ऑफिसात ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि गाडीत बसलं की ‘अगं पोरी’. शारजाच्या रस्त्यावर गाडी कमी आणि गप्पा जास्त चालतात, त्यामुळे त्यांची निम्मी ओळख मला त्या ट्रॅफिक जॅममध्ये झाली.

त्या वर्षी कंपनीनं नवा मेल सर्व्हर घेतला. बसवणाऱ्यानं तो बसवला, बिल दिलं आणि मस्कतला निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये मेल उघडली की एक खिडकी उगवायला लागली. या सर्व्हरच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटची खात्री पटवता येत नाही, तरी पुढे जायचं का? येस की नो? सगळं ऑफिस माशी हाकलल्यासारखं ‘येस’ दाबून मोकळं होत होतं. शिक्केकाकांनी चष्मा काढला, पुसला, खिडकी वाचली आणि ‘नो’ दाबलं. मेल आली नाही. त्यांनी परत उघडलं, परत वाचलं, परत ‘नो’.

मी म्हटलं, काका, दाबा ना येस, सगळे दाबतात. ते म्हणाले, सगळे दाबतात हे काही कारण नव्हे. बरं, हे म्हणणं खोडून काढावं तर मलाच कुठे कळत होतं ती खिडकी काय म्हणते ते! मी बसले शोधायला. आधी लक्षात आलं, की त्यांच्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी मेली होती आणि त्याच्या हिशेबानं अजून मागच्या शतकातलं एक साल चालू होतं. सर्टिफिकेट जन्मायच्या आधीची तारीख. बॅटरी बदलली, तारीख नीट केली, मोठ्या ऐटीत मेल उघडली. खिडकी पुन्हा आली, फक्त मजकूर बदलून. आता म्हणे सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही. सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव घालायच्या जागी कोणीतरी नुसते आकडे घातले होते. ते नीट केलं. पुन्हा खिडकी! आता म्हणे ज्यानं हे सर्टिफिकेट दिलं, त्यालाच आम्ही ओळखत नाही. माझं डोकं पार भंजाळलं. एक दार उघडावं तर मागे दुसरं कुलूप, असं चाललं होतं.

काका शेजारी खुर्ची ओढून सगळं बघत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “हे सर्टिफिकेट दिलं कोणी?”

“आपल्याच सर्व्हरनं.”

“कोणाला?”

“स्वतःलाच.”

ते म्हणाले, “मग त्याला सर्टिफिकेट कशाला म्हणायचं?”

दुपारी आमचा मंदूब उस्मान माझ्या टेबलापाशी आला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. उस्मान सुदानी, उंच, पांढरा पायघोळ कंदुरा घालणारा आणि हिंदी सिनेमांवर हिंदी शिकलेला. त्याच्या हातात त्या खिडकीचं प्रिंटआउट होतं. काकांनी ते अटेस्ट करून आणायला दिलं होतं. उस्माननं विचारलं, “मॅडम, ये कौनसी मिनिस्ट्री में जाएगा?” हसावं की रडावं कळेना. मी तो कागद ठेवून घेतला आणि म्हटलं, यह मेरी मिनिस्ट्री में आएगा.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. काकांच्या मेल अडकल्या होत्या, त्यांत कागदांचे मसुदे अडकले होते, आणि मॅनेजरचा पारा चढला होता. काकांची साठी जवळ आली होती. व्हिसा संपत आला होता आणि या वयात तो पुढे वाढवायचा की नाही, हे मॅनेजरच्या मर्जीवर होतं. काकांची मुलगी अनघा दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत बारावीच्या वर्षात नुकतीच गेलेली. उशिरा झालेली, एकुलती एक. बापाचा व्हिसा गेला की तिचाही गेला, आणि बोर्डाच्या वर्षात मधेच शाळा सोडून पोर जाणार कुठे? काकूंना रात्र रात्र झोप नव्हती. अनघा मला म्हणाली, “ताई, यू टेल हिम. इट्स जस्ट अ पॉपअप!” मीही गाडीत चिडून म्हटलं, काका, एका बटणासाठी पोरीचं वर्ष घालवणार आहात का?

त्या दिवशी त्यांनी मला त्यांची जुनी गोष्ट सांगितली. इथे आल्यावर पहिल्याच नोकरीत त्यांच्यापुढे एक अरबी कागद आला होता. सगळे सही करतात, तूही कर, असं तिथले लोक म्हणाले. यांनी केली सही. तो राजीनामा निघाला. घरी परत जावं लागलं आणि वर सहा महिने इथे यायला बंदी. नुकतं लग्न झालेलं, स्टेशनवर घ्यायला आलेल्या सासऱ्यांना काय सांगावं कळेना. ते म्हणाले, “तेव्हापासून मी माणसाला हो म्हणतो, कागदाला नाही.” मला तेव्हा हे वाक्य फार कळलं नाही. पुढच्या गाडीचा लाल दिवा बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी एक युक्ती केली. ते सर्टिफिकेट त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ‘भरवशाच्या’ यादीत कायमचं बसवता येतं, एवढं मला एव्हाना सापडलं होतं. काकांना म्हटलं, यावर दुसऱ्या कोणाचा शिक्का नाही, पण हे आपल्याच सर्व्हरचं आहे हे मी स्वतः जाऊन तपासलंय. काकांनी विचारलं, लिहून देशील? मी त्या प्रिंटआउटवर लिहून दिलं, खाली सही केली, रिसेप्शनवरून कंपनीचा शिक्का आणून मारला. काकांनी तो कागद वाचला, उलटा करून पाठ बघितली, आणि म्हणाले, हं, आता बसवा मॅडम. मी बसवलं. खिडकी नाही आली. मेलचा लोंढा धाडधाड आत आला. मॅनेजरनं तो कागद बघितला आणि पोट धरून हसला, पण व्हिसा पुढे वाढवायला तयार झाला.

झालं, आम्हाला वाटलं गंगेत घोडं न्हालं. पण सहीला जे कागद आले त्यांत एक पान नुसतं अरबीतलं होतं. मॅनेजर म्हणाला, रुटीन आहे, सगळेच सही करतात. नेमकं तेच बोलायला नको होतं. काकांनी पेन खाली ठेवलं. व्हिसाची मुदत तोंडावर, मॅनेजर धुसफुसतोय, आणि हे हाताची घडी घालून बसलेले. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

शेवटी त्यांनी उस्मानला बोलावलं. उस्मान टेबलाशी उभा राहून एकेक ओळ वाचायचा आणि आपल्या सिनेमातल्या हिंदीत सांगायचा. काका डोळे मिटून ऐकत होते. एका ओळीपाशी उस्मान अडखळला. मॅनेजरकडे बघितलं, मग काकांकडे. मग हळूच सांगितलं, की यात लिहिलंय हे शेवटचं वर्ष, यानंतर तुम्ही मुदतवाढ मागणार नाही. मला वाटलं, झालं, आता उठतील. काकांनी डोळे उघडले, उस्मानचे ‘शुक्रन’ म्हणून आभार मानले आणि सही केली.

गाडीत मी विचारलं, एवढं सगळं करून सही करायचीच होती तर एवढा घोळ कशाला घातलात? ते म्हणाले, एक वर्षच हवं होतं मला, पोरीची बारावी होते. आणि उस्माननं ती वाईट ओळ गाळली नाही, पाहिलंस ना? मी म्हटलं, समजा त्यानं गाळली असती तर? चुकीचं वाचलं असतं तर? काकांनी गिअर बदलला.

“तर त्याला काही बोललो नसतो. भरवसा मी ठेवला ना? मग चूक माझी, त्याची नाही.”

मेलच्या खिडकीतलं ते तिसरं कुलूप, देणाऱ्यालाच ओळखत नाही म्हणणारं, मला बहुधा त्या दिवशी थोडंफार कळलं. कागद स्वतःबद्दल काय म्हणतो याला अर्थ नसतो, त्याच्या मागे कोण उभं आहे याला असतो. तरी हे नक्की कळलं का, असं कोणी विचारलं तर अजूनही मी जरा चाचरते.

अनघाची परीक्षा झाली आणि काकांनी गाशा गुंडाळला. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावून कॉम्प्युटर दाखवला. ती खिडकी परत आली होती, सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून. म्हणाले, बघ, आम्ही दोघं बरोबरच रिटायर. मी म्हटलं, आता तरी येस दाबा, शेवटचा दिवस आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, सगळं वाचलं आणि ‘नो’ दाबून मशीन बंद केलं. उस्मान त्यांना विमानतळापर्यंत सोडायला गेला. दुसऱ्या दिवसापासून मी बसनं यायला लागले आणि शारजाचा रस्ता दुप्पट लांब झाला.

पुढे आम्ही दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला गेलो, तेव्हा एका शुक्रवारी अनघाचा पुण्याहून फोन आला. काका गेले होते. हृदयाचं ऑपरेशन झालं, पण त्यानंतर फार दिवस काढता आले नाहीत. मी खाली जिन्यातच बसले. तीच बोलत राहिली, निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, आणि फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होती. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलनं संमतीचा कागद आणला होता. सहा पानं, बारीक अक्षर. काकांनी तो तिच्या हातात दिला आणि म्हणाले, तू वाच. तिनं वाचलं. त्यात धोक्याचं एक कलम होतं. त्यांचं वय, त्यांची साखर, यातून उठतीलच असं नाही.

“ते मी त्यांना सांगितलंच नाही, ताई. आय जस्ट सेड, सगळं ठीक आहे बाबा. आणि त्यांनी सही केली. माझ्यावर भरवसा ठेवून केली.”

मग मी तिला उस्मानची गोष्ट सांगितली. ती तेव्हा शाळेत होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. अरबी पान, वाईट ओळ, आणि गाडीत गिअर बदलता बदलता काका जे बोलले ते. भरवसा ठेवणाऱ्याची चूक, वाचणाऱ्याची नाही. हे मी मन राखायला सांगत नव्हते, ते त्यांचंच बोलणं होतं, जसंच्या तसं.

मग ती अगदी सावकाश म्हणाली, “ताई, चष्मा त्यांच्या खिशातच होता. काढलासुद्धा नाही.”