भोक पडलेली जास्वंद

श्रद्धा असलेल्या माणसाने देवावर चिडू नये असं म्हणतात. मी मात्र त्या वर्षी श्रावणापासून दसऱ्यापर्यंत रोज चिडत होते, आणि तेही देवघरात बसून. हे लिहिताना ती गोष्ट लपवावी असं फार वाटलं. पण चिडणं वगळलं तर सांगण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आम्ही तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यात राहतो. यांचा कारखाना सरकारी. नवं धोरण आलं, माणसं कमी करायचं ठरलं आणि यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. दोन महिने घरी बसून माझ्या स्वयंपाकात लक्ष घातलं, आणि आषाढातल्या एका सकाळी दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, हातपाय हळूहळू हलतील, बोलण्याचं काही सांगता येत नाही. त्यांचं मन कशात तरी गुंतवा. तीस वर्षं ज्या माणसाच्या बोलण्याने माझे कान किटले होते, त्याच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून माझा जीव कासावीस झाला. ते डोळ्यांनी काहीतरी सांगू पाहायचे, मला कळायचं नाही, मग ते तोंड फिरवून घ्यायचे. पाणी हवंय की पांघरूण, एवढंही मला ओळखता येत नव्हतं.

तेव्हा मी गणपतीला नवस बोलले. आमच्या परसात जास्वंदीची दोन जुनी झाडं आहेत. त्यांची एकवीस फुलं, एकवीस दिवस, एकही खाडा न करता वाहीन. यांना वाचा येऊ दे. विकतची फुलं चालणार नाहीत, आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेल्या कळ्या चालणार नाहीत, आणि भोक पडलेलं फूल तर नाहीच नाही, कारण आमच्या सासूबाईंच्या मते ते वाहणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. हे सगळे नियम मीच घातले होते. गणपतीने त्यातला एकही मागितला नव्हता.

आणि तिथे आडवे आले ते पक्षी. अंगठ्याएवढा जीव, लांब बाकदार चोच. नर उन्हात निळाकाळा चमकायचा, मादी पिवळसर मळकी. त्यांना शिंजीर म्हणतात हे मला पुढे कळलं. मी त्यांना चोर म्हणत होते. सरळ फुलात तोंड घालून मध प्यावा, तर तेही नाही. देठापाशी बाहेरूनच चोच खुपसायची, भोक पाडायचं आणि पुढच्या फुलावर जायचं. यांचं तोंड धुणं, अंग पुसणं, औषध, चमच्याचमच्याने चहा पाजणं, मग माझी आंघोळ. एवढं उरकून मी परडी घेऊन परसात जाईपर्यंत त्यांची न्याहारी आटोपलेली असायची. धड फुलं सहा मिळायची, कधी नऊ. एकदा सलग चार दिवस एकवीस भरली आणि पाचव्या दिवशी अठरावर अडकले. मी डबा बडवला, तांब्याने पाणी फेकलं. ते भुर्रकन उडून तारेवर बसायचे आणि माझी पाठ वळली की परत हजर. शेजारच्या अक्का तेलुगू, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, आमच्या कुंपणाला मंदारम, म्हणजे जास्वंदच, भरपूर आहे, हवी तेवढी फुलं न्या. मी नको म्हटलं, नवसात माझंच परस बोलले होते ना. त्यावर अक्कांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला मुळीच आवडली नाही.

त्यातच पुण्याहून लेकीचा फोन आला. बाबांसाठी केबल घे, तेवढाच विरंगुळा. तेव्हा आमच्या गल्लीत घरोघर केबल येऊ लागली होती. जोडायला आलेला माणूस पन्नाशीचा असेल, कानावर विडी खोचलेली. त्याने मागच्या खोलीच्या भिंतीला छिद्र पाडलं, गिलाव्याचा ढीग पाडला, आणि मग म्हणाला की यांची खाट होती त्या पुढच्या खोलीत टीव्ही चालणार नाही.

“वायर वहाँ तक नै आती अम्मा. खाट इधरीच रैने देव. साहब कू हवा भी मिलती.”

मी नको म्हणायच्या आत तो पुढे गेला, यांना दोन्ही हातांनी अलगद उचलून खुर्चीत बसवलं, खाट ओढत मागच्या खोलीत नेली आणि यांना पुन्हा तितक्याच जपून तिच्यावर निजवलं. टीव्ही परसाकडच्या खिडकीच्या कडेला ठेवला. ती माझी धान्य निवडायची खोली, सगळी डब्यांनी भरलेली. तो गेल्यावर गिलावा झाडता झाडता मी त्याला मनसोक्त बोलून घेतलं.

पण हे सकाळभर त्या दिशेला टक लावून बघू लागले. पडद्यावर नाचणाऱ्या मुली आणि शीतपेयांच्या जाहिराती. या वयात हे काय, असं मनात यायचं. तरी माझा एक घोर कमी झाला. वीज गेली तरी ते तसेच बघत राहायचे. हे मला खटकायला हवं होतं, पण नाही खटकलं.

दसरा उद्यावर आला तरी माझे एकवीस दिवस भरले नव्हते. त्या संध्याकाळी मी हट्टालाच पेटले. जुनी मोठी मच्छरदाणी काढली, अक्कांकडून स्टूल आणलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढून दोन्ही झाडं झाकून सुतळीने बांधून टाकली. सकाळी पक्षी आले. जाळीभोवती घिरट्या घालू लागले. एक तर नखांनी जाळीला लटकला आणि चोच आत जाते का बघू लागला. मी खालून हात घालून एकवीस धड फुलं तोडली. मला आनंद झाला, हे कबूल करते.

इतक्यात घरात पेला पडल्याचा आवाज आला. आता काय पाडलंत, म्हणत मी आत गेले. यांचा डावा हात खिडकीकडे ताणलेला होता, चेहरा लालबुंद झाला होता.

“काढ,” ते म्हणाले.

मला वाटलं टीव्हीतून आवाज आला. टीव्ही बंद होता.

“काढ. जाळी.”

मी परसात धावले. सुतळीच्या गाठी सुटेनात, तेव्हा जाळी ओढून फाडली. परडी उपडी झाली, फुलं माझ्याच पायाखाली आली. मी रडत होते, आणि रडतानाही चिडलेच होते, कारण आता मला सगळं दिसत होतं. खाट मागच्या खोलीत आल्यापासून या माणसाने टीव्हीकडे पाहिलंच नव्हतं. जे मी गणपतीकडे मागत होते ते तो रोज सकाळी माझ्या खिडकीत पाठवत होता, आणि मी डबा बडवून त्याला हाकलत होते. कुणी म्हणेल, अशा दुखण्यात वाचा आपोआपही परत येते. येत असेल. मी वाद घालत नाही. त्या केबलवाल्याचं नाव मी विचारलं नाही, साधा चहासुद्धा विचारला नाही, याची रुखरुख मात्र अजून आहे.

त्यानंतर सकाळचं काम उरकून मीही खाटेवर बसू लागले. नरांची झळाळी उतरत चालली होती, गळ्यावर एक काळी पट्टी तेवढी उरली होती. त्यांची संख्याही कमी होऊ लागली. अक्का म्हणाल्या, हे काही दूरदेशीचे पाहुणे नव्हेत, जिथे फुलोरा भरात असेल तिथे जातात. कोजागिरीनंतर एके दिवशी एकटी मादी आली. तीन फुलं भोसकली, तारेवर क्षणभर बसली आणि गेली. यांच्या पाठीशी उशा लावून आम्ही दोघं दुपारपर्यंत वाट बघत बसलो. ज्या पक्ष्यांवर मी पाणी फेकलं त्यांच्यासाठी आता मीच तारेकडे डोळे लावून बसले होते.

“गेले,” हे म्हणाले.

“हो, गेले,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही झाडं धड फुलांनी भरलेली होती. एकालाही भोक नव्हतं. मी परडी भरून आत आले, खाटेच्या कडेला टेकले आणि सवयीने फुलं मोजू लागले. सतरापर्यंत आले असेन, तेवढ्यात यांनी डावा हात परडीवर ठेवला. शब्द जुळवायला त्यांना बराच वेळ लागला, ओठ दोनदा नुसतेच हलले.

“मोजू नको.”

मी उठून देवघरात गेले आणि परडी तशीच गणपतीपुढे रिकामी केली. मागायचं काही सुचेना, म्हणून नुसता नमस्कार केला. त्या दिवशी किती फुलं वाहिली, ते मला आजही सांगता येणार नाही.