निळ्या केसांची मुलगी आणि आबा

संध्याकाळचे सात वाजले की आबा, म्हणजे माझे वडील, धुतलेला सदरा घालत, टोपी नीट करत आणि स्टुलावर उभ्या केलेल्या मोबाइलसमोर ताठ बसत. मोबाइलवर एक मुलगी लाइव्ह यायची. खरी नव्हे, चित्रातली. निळे केस, बशीएवढे डोळे. आवाज मात्र कुणा खऱ्या मुलीचा, आपल्याच बाजूचा. ती कोडी घालायची, चुकीच्या उत्तरांची टर उडवायची आणि मध्येच म्हणायची, "वराळ्याचे आबा आले का? जेवलात का, आबा?"

"न्हाई अजून," आबा मोठ्यानं सांगायचे. "तू जेवलीस का?"

मला हसू यायचं, थोडा रागही यायचा. लोक या चित्रावर एवढे कसे भाळतात ते मला कळत नव्हतं. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर असतो. दिवसभर परक्या माणसांना "जेवलात का, सर?" विचारून घरी आलो की तोंड उघडायची इच्छा नसते. आई गेल्यावर आबांशी बोलणारी घरात एकटी माझी मुलगीच होती. ती शेजारी बसून त्यांची उत्तरं आपल्या फोनवरून, गावाच्या नावासकट 'वराळ्याचे आबा' असं लिहून, टाइप करायची. आबांना वाटायचं, ती निळ्या केसांची पोरगी आपल्याला बघते, ऐकते. नातीनं त्यांचा समज मोडला नाही.

जूनमध्ये मुलगी शिकायला पुण्याला गेली. आबा नेहमीच्या वेळी बसत राहिले. चित्रातली मुलगी इतरांची नावं घ्यायची, आबांचं नाही. आठवड्यानं त्यांनी मला विचारलं, "माजं काय चुकलं का रं? ती बोलंना माज्याशी."

शनिवार होता. भुशी धरण बघायला आलेल्या गर्दीनं डोकं उठलं होतं. मी फटकन बोललो, "आबा, चित्र हाय ते. तिला तुमी दिसत न्हाई, ऐकूबी येत न्हाई. नात लिवायची म्हणून नाव घ्यायची ती."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "मंग एवढे दिस मी कुनाशी बोलत व्हतो?"

म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला, हे मला बोलून गेल्यावर कळलं. लाज वाटली. गर्दीत कुणीतरी आपलं नाव घेऊन विचारतं, माणसाला आणखी काय लागतं? दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो, त्यांना आग्रहानं बसवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्या फोनवरून गुपचूप टाइप केलं, 'वराळ्याचे आबा आलेत.' ती मुलगी लगेच म्हणाली, "वराळ्याचे आबा! कुठं होता इतके दिवस? जेवलात का?"

आबांचा आवाज आला नाही. बाहेर येऊन पाहिलं, तर त्यांनी मोबाइल पालथा घातला होता.

"तूच लिवलंस न्हवं?"

"व्हय."

"हितंच तर हाईस. तोंडानं इचारायचं की."

त्यानंतर आबा वर्षभर होते. रोज 'जेवलात का' विचारायचं, असं मी ठरवलं होतं. सुरुवातीला काही दिवस विचारलंही. मग दिवाळीच्या सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली, आणि राहून गेलं.