जबलपूरला मावशीच्या घरी मुक्काम करायचा तर

या वेळी जबलपूरला जायचं कारण भेडाघाट नव्हतं. माझी मावसबहीण मंजू हैदराबादला असते. तिचा फोन आला आणि बोलता बोलता ती रडायलाच लागली. "दीदी, मम्मी मला घरात रुकूच देत नाही. उन्हाळ्यात मुलांना घेऊन गेली, तर आमच्यासाठी लॉज बुक करून ठेवला होता. आईच्या घरी जाऊन लॉजमध्ये कोण राहतं? तू एकदा जाऊन बघ ना." मंजूचे वडील, म्हणजे आमचे काका, मागच्या वर्षी पावसाळ्यात साप चावून गेले. तेव्हापासून मावशी एकटीच राहते. आई आपल्यावर कशावरून तरी रागावली आहे, असं मंजूने मनात घेतलं होतं. मी रजा टाकली आणि गाडी काढली.

नागपूरहून सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला जबलपूर गाठता येतं. रस्ता सुरेख आहे. खवासा सोडल्यावर पेंचचं जंगल लागतं, तिथे प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच उंचावर घेतलाय. गाडी थांबवू नका, तसे फलकही आहेत. सिवनीला पोहे-जिलबी खाऊन घ्या, पुढे लखनादौनपर्यंत धड काही मिळत नाही. टोल बरेच आहेत, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आधी बघा. पावसाळा सरत आला होता, दोन्हीकडे गवत माणसाच्या कमरेला लागेल एवढं वाढलेलं. एरवी मी अशा गवतात शिरून फोटो काढते. या वेळी खिडकीची काचसुद्धा खाली केली नाही.

मावशीचं घर शहराच्या अधारताल भागातल्या मुख्य रस्त्यापासून बरंच आत, वस्ती संपते तिथे आहे. काका संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम ही जागा घेतली, कारण कुंपणापलीकडे नुसती झाडी. साग, पळस आणि मधे घाणेरीची रानं. मावशीने दारातच मला जवळ घेतलं. वरण-भात, भरली वांगी, सगळं माझ्या आवडीचं केलं होतं. जेवण झालं आणि ती म्हणाली, "बॅग गाडीतच राहू दे. मेन रोडवर लॉज आहे, मी सांगून ठेवलंय त्या भैयाला. गरम पाणी देते तो."

"मावशी, मी तुझ्याकडे आलेय."

"मग जेव ना माझ्याकडे. झोपायला काहून पाहिजे घर?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. या मावशीच्या जुन्या घरी लहानपणी आम्ही ओळीने झोपायचो. लॉज स्वच्छ होता, भाडंही बेताचं, कुणाला हवा असेल तर खुशाल जा. पण त्या खोलीत मला मंजूचं रडणं नीट समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशीकडे पोचले. मावशी अंगणात काळूला, म्हणजे तिच्याकडे टिकून राहिलेल्या गावठी कुत्र्याला, मांडीशी धरून त्याच्या कानातले गोचीड काढत होती. झाडीशेजारी राहायचं तर हे रोजचं काम. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरायचा, सरळ ओढायचा, पिळायचा नाही, नाहीतर तोंड आत राहतं. काढलेला गोचीड साबणाच्या पाण्यात टाकायचा. तिच्या बाकी सवयीही मी बघत होते. चप्पल आपटल्याशिवाय पाय घालत नाही. लाकडं भिंतीला टेकवून रचत नाही. धान्य पत्र्याच्या डब्यात, म्हणजे उंदीर नाहीत आणि उंदरांमागे येणारंही कुणी नाही. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी. हे सगळे काकांचे नियम आणि मावशी ते अजून पाळते.

"एवढं सगळं करायचे काका," मी म्हटलं, "तरी कसं झालं गं?"

ती काळूच्या कानातून नजर न काढता बोलत राहिली.

"वर्ध्याहून तुझ्या काकांच्या घरचे पाच जण आले होते, नर्मदेच्या स्नानाला. घरात मच्छरदाण्या तीन. खोचल्याशिवाय झोपायचं नाही, हा नियम त्यांचाच. पण पाहुणे म्हटले की झालं. म्हणाले, हे लोक दमून आलेत, यांना पलंग द्या. मी त्या बायकांसोबत आत झोपली. हे बैठकीत सतरंजी टाकून झोपले, तसेच. मीच उशी काढून दिली त्यांना."

"कळलं नाही त्यांना?"

"काय कळणार? मण्यार होती. सकाळी म्हणाले, कोपराला मुंगी चावली वाटतं. सूज नाही, दुखणं नाही. सगळ्यांचा चहा केला त्यांनी. मग पोट दुखून राहिलं म्हणाले, तुम्ही भेडाघाटला जाऊन या, मी पडतो. पाहुणे गेले. मी बघते तर पापण्या वर होईनात त्यांच्या. मला वाटलं, झोप नसेल झाली. जीभ जड झाली तेव्हा शेजारच्या भाभीला हाक मारली. दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. साप नंतर निघाला, सतरंजीच्या घडीत." तिने चिमटा खाली ठेवला. "मी मच्छरदाणीत होती, पोरी. आरामात झोपली होती."

मी तिच्यापाशी बसून राहिले. तिचा मंजूवर राग नव्हता, माझ्यावरही नव्हता. या घरात पाहुणा झोपला की घरचं कुणीतरी जमिनीवर झोपतं, म्हणून ती दारच बंद करून बसली होती.

इथे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट थांबून सांगते. पावसाळ्यात अशा भागात जमिनीवर झोपून उठलात आणि पोटदुखी, जड पापण्या, गिळायला त्रास असं काही वाटलं, तर चावल्याची खूण शोधत बसू नका. झाडफूक नको, दोरी आवळणं नको. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि साप चावल्याची शंका आहे असं स्वतःहून सांगा.

दुपारी मी मेन रोडवर जाऊन मच्छरदाणी घेतली, बारीक जाळीची, खाली रुंद कापडी काठ असलेली, म्हणजे गादीखाली नीट खोचता येते. खोव्याची जिलबीही घेतली, ती जबलपूरला आल्यावर घ्यायचीच असते. परत येऊन मावशीला म्हटलं, "माझी मच्छरदाणी मी आणलीय. घरातली एकही मला नको. तू पलंगावर, मी दिवाणावर. जमिनीवर कुणीच नाही."

"नाही म्हणजे नाही."

"मग मी गाडीत झोपते, दारासमोर."

तिने मच्छरदाणी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "दे इकडे. तुला बांधता नाही येत." दिवेलागणीलाच तिने दिवाण भिंतीपासून पुढे ओढला, गादी उचलून बघितली, काठ चारही बाजूंनी खोचला. एक कोपरा तर काढून पुन्हा खोचला.

सकाळी डोळे उघडले तर ती दिवाणाशेजारी खुर्चीत बसलेली, मांडीवर टॉर्च.

"झोपली नाहीस?"

"पाहून राहिली होती. तू घोरतेस फार."

त्या दिवशी मी तिला घेऊन तिलवाऱ्याला गेले. घाटावर दोघी बसलो, नर्मदा गढूळ आणि भरलेली होती. मी मंजूचा विषय काढला नाही, कारण तो माझ्या आग्रहाने सुटणारा नव्हता. घरी आल्यावर मात्र तिने न सांगता दिवाणावर मच्छरदाणी बांधली, आणि सकाळी मी उठले तेव्हा ती तिच्या पलंगावर झोपलेली होती. चहा मी केला.

नागपूरला परतून काही दिवस झाले. या प्रवासाचे फोटो जवळजवळ नाहीतच. जंगलाची भीती कमी झाली का, तर नाही. फक्त आता असं वाटतं की मण्यारीपेक्षा आपल्या 'तुम्ही झोपा, आमचं काय' या वाक्याला जास्त घाबरायला हवं. ते मी स्वतः किती वेळा म्हटलंय.

परवा मावशीचा फोन आला. दिवाळीत मंजू मुलांना घेऊन येते आहे.

"लॉज?" मी भीत भीत विचारलं.

"काहून लॉज? त्यांच्यापुरत्या मच्छरदाण्या आणल्या मी. मंजूला सांगितलं, जावई येणार असतील तर आधी कळव, आणखी एक लागेल. वर्ध्याचे लोक पण येतो म्हणत होते. त्यांना म्हटलं, या वेळी जागा नाही." मग म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा सासरच्या पाहुण्याला नाही म्हटलं मी. हे असते तर रागावले असते गं. रागावू दे. असते तर."