रांगेतल्या स्लिपर

सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी नऊला उघडते, पण रांग सातपासूनच लागते. त्या रांगेत माणसं कमी आणि चपला जास्त. ज्याला कामावर खाडा परवडत नाही तो चपला ठेवून जातो, आणि मागचा माणूस त्या पायानं पुढं सरकवतो.

माझ्या पुढच्या निळ्या स्लिपर एका खोकणाऱ्या बाईच्या होत्या. "ताई, तेवढ्या सरकवत राहा. दोन घरची भांडी उरकून येते," म्हणाली आणि अनवाणीच गेली.

मी सरकवत राहिले, पण जिवाला स्वस्थता नव्हती. सारखी फाटकाकडे बघत होते. दवाखाना फुकट आहे, असं आपण किती सहज म्हणतो! पण तो उघडा असतो नेमका यांच्या कामाच्या वेळेत, हे कुणाच्याच कसं लक्षात येत नाही? स्लिपरच्या टाचा झिजून पार कागद झाल्या होत्या.

सरकत सरकत स्लिपर खिडकीशी पोचल्या. "आता चपलांचा केसपेपर काढू का?" आतला कारकून म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, आणि स्लिपर ओलांडून पुढं झाले.

औषधं घेऊन बाहेर आले तेव्हा खिडकी बंद झाली होती. ती धापा टाकत आली, हात अजून ओलेच. खिडकीकडे बघत तिनं स्लिपर पायात घातल्या.

"पण माझा नंबर आला होता ना, ताई?"

"आला होता," मी म्हणाले, आणि माझा केसपेपर पाठीमागे धरला.