पूजलेले जाकीट

ज्याची मनोभावे पूजा करावी ते आपल्याला तारतेच, असे मला परवा मालवणच्या किनाऱ्यावर जाईपर्यंत वाटत होते. समोर बाबल्या आपले डायव्हिंगचे जाकीट टबातल्या पाण्यात दाबून बघत होता. पर्यटकांना समुद्रतळ दाखवून झाला की हेच हवा भरलेले जाकीट त्याला वर आणते. आता त्यातून बुडबुडे येत होते.

“नवीन घेवा,” त्याची बायको म्हणाली.

“दसऱ्याक पूजलेला टाकू कसा गो? ठिगळ लावतंय.”

“मग बुडा तेच्याच बरोबर!”

मला दोघांचेही पटत होते. वस्तूवरचा विश्वास कुठे संपतो आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे मला माझ्या चष्म्याच्या बाबतीतही कळलेले नाही. ठिगळ टिकेलही, पण टिकले नाही, तर ते कळणार खोल पाण्यात.

बाबल्याने बुडबुड्यांवर बोट ठेवले. कुंकवाच्या डागाशेजारी टाचणीएवढी भोके होती.

“झेंडूचो हार हयच टाचलंस मां? दर वर्षी?”

“नाय,” ती हळूच म्हणाली. “दर वर्षी वेगळ्या जाग्यार.”

नवीन जाकीट घ्यायचे ठरले. पूजा त्याचीही होईल. हार दोऱ्याने बांधणार आहेत.