विळीची खुर्ची

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आईला बजावलं, आता जमिनीवर बसायचं नाही. चाला, फिरा, पण मांडी बंद. आईने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न मला विचारला, "मग भाजी कशी चिरायची?"

आमच्या घरात आम्ही दोघंच. मी अंबडला एका कारखान्याच्या ऑफिसात जातो आणि आई नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांवर राज्य करते. हे राज्य विळीवरून चालायचं. विळीच्या फळीवर पाय दाबून ती बसली की समोर येणाऱ्याने उभ्याउभ्या हजेरी द्यायची. शेजारणींची भांडणं, दूधवाल्याची खरडपट्टी, माझं राहून गेलेलं लग्न, सगळ्याचा निकाल तिथेच लागायचा. बोलता बोलता खाली ताटात कोबी पडत राहायचा, केसासारखा बारीक. ती खाली बघायचीही नाही.

मी सुरी आणली, प्लास्टिकचा बोर्ड आणला. आईने सुरी दोन बोटांत धरून पाहिली आणि परत दिली. "हिने भाजी चिरत नाहीत, मारतात," म्हणाली. ओट्याशी फार वेळ उभं राहणं तिला झेपत नव्हतं. मग मीच चिरायला लागलो. सुरुवातीला माझ्या भेंडीला ती भरपूर नावं ठेवायची आणि मला बरं वाटायचं. हळूहळू तेही थांबलं. दिवसभर बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसायची, तोही पुष्कळदा बंदच असायचा. एका सकाळी मी विचारलं, "गवार करू की मेथी?" तर म्हणाली, "कर तुझ्या मनाने."

जन्मात हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खरं सांगतो, ऑपरेशनच्या दिवशी घाबरलो नव्हतो इतका त्या सकाळी घाबरलो.

त्याच सुमारास एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला ओझरला गेलो होतो. परत येताना रस्त्याकडेला पत्र्याची एक लांबलचक शेड दिसली आणि तिच्या आत, वर आढ्याला, खुर्च्या टांगलेल्या दिसल्या. शाळेची बाकं, सलूनची फिरती खुर्ची, वेताची आरामखुर्ची, सगळ्यांचे पाय हवेत. दाराशी खडूने लिहिलं होतं, 'घाई असेल तर पुढे जा.' असल्या पाटीचा मला राग येतो. म्हणून स्कूटर थांबवली.

आत साठीच्या एक बाई रंधा मारत होत्या. डोक्याला फडकं, केसांत भुसा. मी खुर्चीची चौकशी केली तर मान वर न करता म्हणाल्या, "आधी बसा. उभ्या माणसाशी मी बोलत नाय."

बसलो. त्यांनी चहा दिला. कोणासाठी पाहिजे, असं विचारलं. मी म्हटलं, आईसाठी.

"मग आई कुठं हाय?"

"घरी."

"मग तुम्ही कशाला आले? ज्याचं बूड त्याची खुर्ची. दुसऱ्याच्या नावानं मी देत नाय."

माझं डोकं तापलं. गिऱ्हाइकाला हाकलणारं दुकान मी पहिल्यांदाच बघत होतो. तावातावाने उठलो, तर बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "तुमची कंबर दुखती," त्या म्हणाल्या. "उठताना टेबलाला धरलं. बसायला काय, माणूस दगडावर बी बसतं. खुर्ची उठवती कशी ते बघायचं." कंबर दुखत होती हे खरं, पण मी ते मान्य केलं नाही.

पुढच्या रविवारी रिक्षा करून आईला घेऊन गेलो. तोवर मधे दोनदा मी एकटाच तिथे चहाला जाऊन आलो होतो; त्या दुकानाची मला चटक लागली होती, हे कबूल करतो. त्या शेडमध्ये पूर्वी त्यांच्याच बागेतली द्राक्षं पेट्यांत भरली जायची. पेट्या ठोकता ठोकता बाईंचा हात लाकडावर बसला. पुढे बाग काढली, पण हातोडा काही सुटला नाही. मोडीत निघालेल्या शाळा, हॉटेलं, दवाखाने, जिथून मिळेल तिथून त्या खुर्च्या आणायच्या आणि समोरच्या माणसाच्या मापाने पुन्हा जोडायच्या. मला हे सगळं विलक्षण वाटलं. आजही वाटतं.

त्यांनी आईला एकामागून एक खुर्च्यांवर बसवलं, उठवलं. आई निमूटपणे बसत होती, उठत होती. शेवटी बाईंनी विचारलं, "मावशी, बसून करायचं काय तुम्हाला?"

"भाजी चिरायची आहे," आई म्हणाली.

बाईंचे डोळे लकाकले. आमची विळी त्यांनी मागून घेतली आणि पुढच्या खेपेला एक देखणं टेबल तयार ठेवलं. खुर्चीवर बसून हात पोचेल इतकं उंच, वर विळी पक्की बसवलेली. समोर कोबीही आणून ठेवला होता. आईने दोन काप घेतले आणि हात मागे घेतला.

"पाय कुठे ठेवू?"

"पाय कशाला? चार स्क्रू मारलेत. हत्ती आला तरी विळी हलायची नाय."

"विळी नाही गं हलत," आई म्हणाली. "मी हलते."

बाई चिडल्या. कोणावर ते कळलं नाही. आतून स्वतःची विळी घेऊन आल्या, जमिनीवर फतकल मारली आणि उरलेल्या कोबीवर तुटून पडल्या. मधेच थांबून आपल्याच पायाकडे बघायला लागल्या. "इतकी वर्षं चिरते," त्या म्हणाल्या, "पण पाय काय करतो हे कधी बघितलंच नाय."

"मग बघ आता," आई म्हणाली. "आपलं वजन त्याच फळीवर असतं. बसायची फळी आणि विळीची फळी वेगळी केलीस, तिथेच चुकलीस."

पुष्कळ दिवसांनी मी आईला कोणाची तरी चूक काढताना ऐकत होतो. माझा जीव भांड्यात पडला. पुढे त्या दोघी खडू घेऊन फरशीवर आकृत्या काढत बसल्या आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

जी वस्तू शेवटी तयार झाली तिला काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. रुंद, भक्कम खुर्ची. बसायच्या फळीखालून दुसरी एक अरुंद फळी कप्प्यासारखी पुढे सरकते, दोन्ही गुडघ्यांच्या मधून, आणि तिच्या टोकाला विळी. बसणाऱ्याचं वजनच सगळं धरून ठेवतं. पाय टेकवायला खाली आडवी पट्टी, आणि हात कुठल्याशा जुन्या आरामखुर्चीचे, धरायला गुळगुळीत.

आई बसली. पट्टीवर पाय दाबून पाहिला. कोबी घेतला. पहिल्यांदा जरा जाड पडला, मग बारीक, मग तो केसासारखा. चिरता चिरता ती बाईंना विचारायला लागली, सून कशी आहे, कांदा कुठून घेता, आणि खाली बघायचं विसरून गेली. मी आढ्याला टांगलेल्या खुर्च्यांकडे बघत राहिलो.

"आता उठा," बाई म्हणाल्या.

आईने विळी मिटवली, फळी आत सरकवली. मी हात पुढे केला. तिने खुर्चीचे हात धरले आणि उठून सरळ उभी राहिली. माझा पुढे केलेला हात तिला नंतर दिसला. त्यात तिने कोबीचं ताट ठेवलं.

आमच्यामागून टेम्पोत खुर्ची येत होती. रिक्षात मी विचारलं, "संध्याकाळी काय करू?"

"तू काही करू नकोस," आई म्हणाली. "जाताना कोथिंबीर घे. आणि नीट बघून घे, मागच्या वेळची पिवळी होती."