म्हशीचं पुढं काय झालं

सुधीरला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. महाडला बी-बियाण्यांच्या दुकानात नोकरी, राहायला वीरला, आणि दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून हा सायबर कॅफेत. गुराढोरांच्या दुखण्यांवर कुणी प्रश्न विचारायचा आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं उत्तर द्यायचं, असं एक मराठी संकेतस्थळ २००८ साली चालत होतं. त्याची देखरेख याच्या गळ्यात पडली होती.

फेब्रुवारीत संकेतस्थळाच्या मालकानं पुण्याहून फर्मान काढलं. वर्षभर जो सभासद फिरकला नाही त्याचं खातं महिनाअखेर पुसायचं, त्याच्या उत्तरांसकट. एकदा जरी तो आत आला तरी खातं राहील.

सुधीरचं डोकं फिरलं. अकराशे नावं, आणि कोण कधीपासून गप्प आहे हे बघायला एकेक उघडायचं. नावं तरी कसली, राजा२३, शेतकरीपुत्र, एकाचं तर नुसतं टिंब. बहुतेकांनी एक प्रश्न विचारून जे तोंड काळं केलं ते केलंच. त्यांना पत्रं पाठवली तर निम्मी परत आली. माणसं येतात, हवं ते घेतात आणि चालू पडतात, असं तो कॅफेवाल्याला रोज ऐकवायचा.

अशात एक नाव सापडलं. हैबती, पोलादपूर. तीनशे बारा उत्तरं, जी वरवर चाळली ती सगळी हाताखालून गेलेल्या जनावरांच्या अनुभवाची, आणि शेवटची भेट चौदा महिन्यांपूर्वीची. एवढं सगळं पुसलं जाणार म्हणून सुधीरचा जीव खालीवर झाला, आणि हा माणूस साध्या पत्राला उत्तर देत नाही म्हणून संतापही आला. रविवारी त्यानं पोलादपूरची एसटी धरली.

तिथं कॅफे चालवणाऱ्या माधुरीताईंनी नाव ऐकताच ओळखलं. हैबतीकाका आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या वाडीतले, जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून जन्म काढलेले. बाजारच्या दिवशी येऊन प्रश्न वाचून घ्यायचे, उत्तर सांगायचे, आणि ताई टाइप करायच्या. पासवर्ड मात्र ते स्वतः घालायचे, एका बोटानं, आणि तो ताईंना ठाऊक नव्हता.

दोन तास चढून सुधीर वाडीत पोहोचला तेव्हा म्हातारा गोठ्यात शेण भरत होता. सुधीरनं धापा टाकत सगळं सांगितलं, जरा फणकाऱ्यानंच. एकदा खाली या, पासवर्ड घाला, बाकी काही नको. हैबती पाटी भरतच राहिले.

"नाय येनार," ते म्हणाले. "आमच्याकडं इलाज सांगितला, की जनावर उठल्यावर धनी दुधाचा तांब्या घेऊन येतो. मेलं तरी येतो, रिकाम्या हातानं. मग मला कळतं, पुढच्याला काय सांगायचं. तुमच्यात तीनशे जनांना सांगितलं, एक नाय परत आला. अंदाजानं किती दिवस सांगू?"

लोक असेच असतात, त्याला मी काय करू, असं सुधीर चिडून म्हणाला. पण म्हाताऱ्याला एकेक प्रश्न पाठ होता. विन्हेरचा बैल, पाचाडची शेळी. मग त्या यादीत वीरच्या कुणाची तरी म्हैस आली. व्याल्यावर गर्भाची वार पडत नव्हती, तेव्हा बांबूचा पाला घाल आणि तीन दिवस थांब, असं त्यांनी सांगितलं होतं.

तो प्रश्न सुधीरचाच होता, दोन वर्षांपूर्वीचा. उत्तर कुणी दिलं हे त्यानं तेव्हा बघितलंही नव्हतं. लाजेनं त्याला वर बघवेना.

"काका, ती म्हैस माझी," तो म्हणाला. "चौथ्या दिवशी मेली."

हैबतींनी पाटी खाली ठेवली.

"तोच इलाज मी नंतर चौघांना सांगितला," ते म्हणाले. "तीन दिस थांबायला लावलं रे मी त्यांना."

त्यांनी हात धुतले, पायात चपला सरकवल्या आणि सुधीरच्या पुढं चालायला लागले.

कॅफेत त्यांनी एका बोटानं पासवर्ड घातला. मग त्या चारही उत्तरांखाली माधुरीताईंकडून लिहून घेतलं: तीन दिवस थांबू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आणा, माझं चुकलं. खातं वाचलं होतं, पण ते सुधीरच्या ध्यानातही आलं नाही. त्यानं शेजारचं मशीन मागून घेतलं, आपला जुना प्रश्न शोधला आणि खाली लिहिलं: म्हैस चौथ्या दिवशी मेली. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.